थंडरबर्डचं अपडेट दर वेळी तिथेच अडकतंय? रीइन्स्टॉल मारायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमी सारखीच असते. थंडरबर्ड, म्हणजे पीसीवर मेल बघायचा प्रोग्राम, उघडलं की नोटीस येते, नवीन अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा. आपण करतो, छोटी खिडकी येते, पट्टी सरकत जाते आणि मग मेसेज येतो की अपडेट इन्स्टॉल करता आलं नाही, थंडरबर्डची दुसरी कॉपी चालू नाही ना ते बघा आणि परत प्रयत्न करा. परत प्रयत्न केला तरी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मग माणूस कंटाळतो आणि 'नंतर' दाबायला शिकतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या एका सीए ऑफिसात तर मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलाय, "अपडेट विचारल्यास 'नंतर' दाबावे. का ते विचारू नये." आता यावर काय बोलणार.

मी पेठांमधली काही ऑफिसं आणि भोसरीतले काही छोटे वर्कशॉप यांचे पीसी बघतो. सगळ्यांचं साधारण सारखंच, स्वतःचं डोमेन, कुठल्यातरी स्वस्त होस्टिंगवर मेल आणि प्रत्येक टेबलावर थंडरबर्ड, कारण फुकट आहे आणि चांगलं चालतं. या अपडेटच्या भानगडीत मला एक गोष्ट कळली ती म्हणजे मेसेज एकच दिसत असला तरी कारण दर ठिकाणी वेगळं निघतं. त्यामुळे "काढून टाक आणि परत टाक" हा जो आपला राष्ट्रीय उपाय आहे तो कधी लागू पडतो, कधी अजिबात नाही, आणि कधी त्याच्यामुळेच नवीन घोळ होतो.

आधी "मेल तर येतायत ना, मग कशाला अपडेट" या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो कारण तो प्रत्येक जण विचारतो. थंडरबर्डच्या आत फायरफॉक्सचंच इंजिन आहे. फायरफॉक्समध्ये सुरक्षेतलं भोक सापडलं की बहुतेक वेळा ते थंडरबर्डमध्येही असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी फोटो वाचणाऱ्या लायब्ररीत असं भोक सापडलं, सीव्हीई-२०२३-४८६३ म्हणून त्याची नोंद आहे (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना मिळणारा नोंदणी क्रमांक), आणि ते एकाच वेळी क्रोम, फायरफॉक्स, थंडरबर्ड सगळ्यांना लागू होतं कारण सगळे तीच लायब्ररी वापरत होते. थंडरबर्डने १०२.१५.१ आणि ११५.२.२ मध्ये ते बुजवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-९६८० आलं, ईसेट या ॲन्टीव्हायरस कंपनीच्या रिसर्चरने शोधलेलं, त्याचा वापर करून फायरफॉक्सवर खरोखर हल्ले चालू होते, आणि एक-दोन दिवसांत थंडरबर्डलाही ११५.१६.०, १२८.३.१ आणि १३१.०.१ असे दुरुस्तीचे तुकडे काढावे लागले. सर्ट-इन म्हणजे आपली केंद्र सरकारची सायबर सुरक्षा पाहणारी संस्था, तीही मोझिलाच्या (फायरफॉक्स, थंडरबर्डमागची संस्था) प्रॉडक्ट्सबद्दल अधूनमधून असे इशारे काढत असते.

आता उगाच घाबरवायचं नाहीये मला. मोझिला स्वतःच बऱ्याच सिक्युरिटी नोटिसांमध्ये लिहिते की मेल वाचताना थंडरबर्डमध्ये स्क्रिप्ट बंद असते, त्यामुळे साध्या मेलमधून यातली बरीचशी भोकं वापरता येत नाहीत, पण जिथे ते ब्राउझरसारखं वागतं तिथे धोका आहे. ब्राउझरसारखं म्हणजे आरएसएस फीड (साइटवरचं नवीन लिखाण ओढून आणणारी सोय), लॉगिनची खिडकी, एखाद्या ॲडऑनने म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने उघडलेलं पान वगैरे. पण ज्या पीसीवर शंभर लोकांचे पॅन, फॉर्म १६ आणि बॅलन्स शीट मेलमध्ये पडून आहेत त्या पीसीवर वर्षानुवर्षं 'नंतर' दाबत बसणं मला तरी पटत नाही.

बरं, कामाला लागू. काहीही करायच्या आधी प्रोफाइलची कॉपी काढा. थंडरबर्ड दोन भागांत असतं, एक प्रोग्राम आणि एक प्रोफाइल, आणि तुमचे मेल, पासवर्ड, ॲड्रेस बुक, फिल्टर सगळं प्रोफाइलमध्ये असतं. शेगडी बदलली म्हणून सिलिंडर रिकामा होत नाही तसंच हे, प्रोग्राम काढला तरी मेल जात नाहीत. पण म्हणून बेफिकीर राहू नका. उजवीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत तिथून हेल्पमध्ये जा, 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' बटण आहे. ते उघडून ठेवा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि तो अख्खा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. चालू असताना कॉपी केली तर कॉपी अर्धवट निघू शकते, म्हणून बंद करूनच.

ज्यांचं अकाउंट पॉप आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घेणारं, त्यांनी तर हे करायलाच हवं. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, पीसी जळाला तरी परत उतरतात (लोकल फोल्डर्समध्ये हलवलेले सोडून, ते फक्त पीसीवरच असतात). पॉपमध्ये बऱ्याच ठिकाणी "सर्व्हरवर कॉपी ठेवा" ही टिक काढलेली असते कारण होस्टिंगची जागा भरते, म्हणजे आठ-दहा वर्षांचे मेल फक्त त्या एका पीसीच्या एका फोल्डरमध्ये. अशा ऑफिसात मी कॉपी हातात आल्याशिवाय माउसला हात लावत नाही.

कॉपी झाली की हेल्पमधून 'अबाउट थंडरबर्ड' उघडा. इथे व्हर्जन नंबर दिसतो आणि खाली अपडेटचं काय चाललंय तेही दिसतं. नंबरावरून गोंधळ होतो म्हणून सांगतो. एका प्रकारात वर्षातून एक मोठं व्हर्जन येतं, २०२३ च्या जुलैत ११५, २०२४ च्या जुलैत १२८, २०२५ च्या जुलैत १४०, आणि मधल्या काळात त्याच्याच पुढे १२८.३.१ सारखे सिक्युरिटीचे तुकडे. याला ईएसआर (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज) म्हणतात. मार्च २०२५ पासून १३६ ने दर महिन्याला नवं व्हर्जन देणारा रिलीज चॅनलही नेहमीच्या वापरासाठी खुला झाला. त्यामुळे शेजारच्या टेबलावर वेगळा नंबर दिसला म्हणजे तुमचं जुनं असेलच असं नाही, दोघं वेगवेगळ्या चॅनलवर असू शकतात. ईएसआरवाल्याने मात्र लक्षात ठेवायचं की नवीन ईएसआर आलं की थोड्याच काळात जुन्याचे तुकडे येणं बंद होतं.

'अबाउट'मध्ये अपडेटबद्दल काहीच दिसत नसेल, बटणच नसेल, तर थंडरबर्ड स्वतःचं अपडेट स्वतः करत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून टाकलं असेल तर अपडेटही स्टोअरच करतं. लिनक्समध्ये, उबुंटूवर स्नॅप असेल तर स्नॅप करतं, फ्लॅटपॅक असेल तर फ्लॅटपॅक, डेबियनवर एपीटी. तिथे थंडरबर्डमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही, त्या त्या दुकानात जाऊन बघा.

आता खरी भानगड, ती "दुसरी कॉपी चालू आहे" वाली.

सगळ्यात साधं कारण म्हणजे खिडकी बंद केली तरी थंडरबर्ड मागे चालूच राहिलेलं असतं. मोठा मेलबॉक्स असेल, फोल्डर कॉम्पॅक्ट होत असेल, नेट मध्येच गेलं असेल तर ते बंद व्हायला वेळ घेतं. टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये थंडरबर्ड डॉट ईएक्सई दिसतंय का बघा. दिसलं तर मिनिटभर थांबा, स्वतःहून जातं का बघा, लगेच 'एंड टास्क' नको, कारण मध्येच मारलं आणि तेव्हा ते फाइलमध्ये काही लिहीत असलं तर इनबॉक्सची फाइल बिघडू शकते. नाहीच गेलं तर मग मारा, आणि परत उघडून अपडेट होऊ द्या.

पण बहुतेक ऑफिसात मला जे सापडतं ते वेगळंच आहे. एकाच पीसीवर दोन-तीन विंडोज यूजर असतात. सकाळी आर्टिकलशिपवाला मुलगा त्याच्या लॉगिनने बसतो, दुपारी अकाउंट्सच्या ताई येतात, त्या 'स्विच यूजर' करून स्वतःच्या लॉगिनने बसतात. मुलाने लॉगआउट केलेलंच नाही, त्याचं थंडरबर्ड मागे त्याच्या सेशनमध्ये निवांत चालू आहे. प्रोग्राम दोघांचा एकच, त्यामुळे ताईंच्या बाजूने अपडेट मारलं की ते अडतंच, आणि ताईंना आपल्या स्क्रीनवर दुसरी कॉपी कुठेच दिसत नाही. त्या म्हणतात, "अहो, मी तर एकच उघडलंय, हे खोटं बोलतंय." खोटं बोलत नाहीये ते, फक्त कोणाची कॉपी ते सांगत नाहीये. टास्क मॅनेजरच्या 'यूजर्स' टॅबमध्ये बघा, दुसरं नाव दिसलं की चोर सापडला. घरून रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांचंही हेच होतं, ते 'डिस्कनेक्ट' करतात, 'साइन आउट' करत नाहीत, सेशन तसंच जिवंत राहतं. उपाय एवढाच की पीसी एकदा रीस्टार्ट करायचा, एकाच यूजरने लॉगिन करायचं आणि इतर कोणी बसायच्या आत अपडेट करून घ्यायचं. आणि सगळ्यांना साइन आउट करायची सवय लावायची, ते जमलं तर.

हे बघूनही अडत असेल तर दुसरी शंका परवानगीची. थंडरबर्ड 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसतं आणि तिथे लिहायला ॲडमिनची परवानगी लागते. साध्या यूजरला ती नसते. म्हणून मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस नावाची एक छोटी सर्व्हिस सोबत येते, ती मागच्या मागे परवानगीचं काम करते आणि पासवर्ड विचारत नाही. पीसी फास्ट करायच्या नादात कोणीतरी ही सर्व्हिस काढून टाकलेली असते, कारण नाव ओळखीचं वाटत नाही. मग अपडेटच्या वेळी विंडोज ॲडमिनचा पासवर्ड विचारतं, तो ऑफिसात कोणालाच माहीत नसतो, 'नो' दाबलं जातं, अपडेट फेल. सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये खाली अपडेट्सच्या भागात बॅकग्राउंड सर्व्हिस वापरायची टिक आहे का बघा, आणि कंट्रोल पॅनलमध्ये मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस आहे का तेही. नसेल तर थंडरबर्डच्या स्वतःच्या साइटवरून पूर्ण इन्स्टॉलर उतरवून ॲडमिन लॉगिनने आहे त्याच्यावरच टाका, आधी काही अनइन्स्टॉल करायची गरज नाही. प्रोग्राम नवा होतो, सर्व्हिस परत येते, मेल जागच्या जागी. बाकी कुठल्या 'फ्री डाउनलोड' साइटवरून इन्स्टॉलर घेऊ नका, सिक्युरिटी अपडेटसाठी तिथे जाणं म्हणजे कमालच आहे.

अर्धवट उतरलेलं अपडेट हे तिसरं. गुरुवारी आपल्याकडे लाइट जाते ते काही नवीन नाही, आणि ऑफिसातला यूपीएस बऱ्याचदा नावापुरताच असतो. थंडरबर्ड अपडेट एमएआर नावाच्या फाइलमध्ये उतरवतं, आधी फक्त बदललेला छोटा भाग, आणि तो बसला नाही तर पूर्ण मोठी फाइल. सहसा ते स्वतःच सावरतं. पण कधी कधी तीच बिघडलेली फाइल धरून बसतं आणि रोज तीच टाकायचा प्रयत्न करतं. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये विंडोजवर 'अपडेट फोल्डर'समोरही 'ओपन फोल्डर' आहे. तो उघडा, थंडरबर्ड बंद करा, आतलं सगळं उडवा. इथे मेल नसतात, पण खात्री करा की तुम्ही अपडेट फोल्डरमध्येच आहात, प्रोफाइल फोल्डरमध्ये नाही, कारण दोन्ही बटणं जवळजवळ आहेत आणि घाईत माणूस काहीही करतो. सी ड्राइव्हवर जागा आहे का तेही बघा, छोटी एसएसडी आणि अवाढव्य मेलबॉक्स असेल तर नवीन फाइल उतरायलाच जागा नसते.

ॲन्टीव्हायरसचं काय? कधी कधी तो अपडेटरला अडवतो, हे खरं आहे. पण लोक सगळं खापर त्याच्यावर फोडतात तेवढा दोषी तो नसतो. अपडेटपुरता थोडा वेळ थांबवून बघा, झालं की लगेच चालू करा. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की थंडरबर्ड नेहमीच्या सेटिंगमध्ये अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवतं. ॲन्टीव्हायरसला त्यात एक घाण अटॅचमेंट सापडली आणि त्याने फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली तर पूर्ण इनबॉक्स गायब होतो. म्हणून प्रोफाइल फोल्डर स्कॅनच्या अपवादात टाकलेला बरा. अटॅचमेंट तुम्ही सेव्ह केलीत किंवा उघडलीत की तेव्हा ती तपासली जातेच.

मग एक मजेशीर प्रकार. 'अबाउट' उघडलं तर लिहिलेलं असतं की अपडेट्स तुमच्या ऑर्गनायझेशनने बंद केली आहेत. नारायण पेठेतल्या एका ऑफिसात सर हे वाचून म्हणाले, "ऑर्गनायझेशन म्हणजे मीच ना? मी कधी बंद केली?" आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने केली होती. थंडरबर्ड जिथे बसवलंय त्या फोल्डरात 'डिस्ट्रिब्युशन' नावाचा फोल्डर आणि त्यात पॉलिसीज डॉट जेसन नावाची फाइल असते, तिच्यात 'डिसेबल ॲप अपडेट' अशी एक ओळ टाकली की झालं. अपडेटनंतर लोकांचे फोन येतात, ते नकोत म्हणून हा शॉर्टकट काही जण मारतात. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये 'एंटरप्राइझ पॉलिसीज'समोर 'ॲक्टिव्ह' दिसलं तर हेच आहे असं समजा. फाइलमधून ती ओळ काढा, किंवा फाइलमध्ये दुसरं काही नसेल तर फाइलच हलवा. तिथे फाइल नसेल आणि तरी ॲक्टिव्ह दाखवत असेल तर तीच सेटिंग रजिस्ट्रीमध्ये असते, ती जाणकाराकडून काढून घ्या. मात्र हिंजवडीच्या एखाद्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, तिथे ऑर्गनायझेशन खरंच ऑर्गनायझेशन आहे आणि अपडेट त्यांची आयटी टीम बघते.

आता ज्याने सगळ्यात जास्त रडारड होते ते, दोन थंडरबर्ड. जुनं ३२ बिटचं 'प्रोग्राम फाइल्स एक्स८६'मध्ये, नंतर कोणीतरी ६४ बिटचं उतरवून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये. डेस्कटॉपवरचा आयकॉन जुन्याचा, टास्कबारवरचा नव्याचा. एक अपडेट होतं, दुसरं तसंच राहतं, आणि माणूस म्हणतो की काल तर अपडेट केलं आज परत जुनं कसं झालं. २०१९ मध्ये आलेल्या ६८ व्हर्जनपासून प्रत्येक इन्स्टॉलेशन आपापलं वेगळं प्रोफाइल धरतं. त्यामुळे दुसऱ्या जागेवरचं थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की ते कोरंकरकरीत दिसू शकतं, अकाउंट सेट करा म्हणतं, आणि समोरचा ओरडतो की माझे सगळे मेल उडाले. उडालेले नसतात. शांतपणे हेल्पमधून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये जा, 'प्रोफाइल्स'ची ओळ आहे तिथून 'अबाउट प्रोफाइल्स'चं पान उघडा, सगळी प्रोफाइल्स दिसतील, मेल असलेलं ओळखा (फोल्डर उघडून साइज बघितली की कळतं) आणि त्याला डीफॉल्ट करा. या पानावर प्रोफाइल डिलीट करायचंही बटण आहे आणि ते फाइलींसकट डिलीट करू का असं विचारतं, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

उलटंही होतं. नव्याने एकदा उघडलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनने उघडायला गेलात की थंडरबर्ड अडवतं, तुम्ही जुनं व्हर्जन चालू केलंय, नवीन प्रोफाइल बनवा नाहीतर बाहेर पडा म्हणून सांगतं. हा एरर नाहीये, संरक्षण आहे, जुन्या प्रोग्रामने नव्या फाइली बिघडवू नयेत म्हणून. महिन्याच्या चॅनलवरून ईएसआरवर परत यायला गेलात तरी हेच दिसतं. 'नवीन प्रोफाइल' दाबू नका, बाहेर पडा आणि नवं व्हर्जन उघडा. कमांडला एक स्विच लावून जबरदस्तीने जुनं उघडता येतं, इंटरनेटवर लगेच सापडतं, पण कॉपी नसताना ते करणाऱ्याला मी मदत करत नाही. दोनपैकी एक इन्स्टॉलेशन काढून टाका, आयकॉन नवीन करा, विषय संपला.

भोसरीकडच्या मंडळींसाठी वेगळं. मशीनला जोडलेला विंडोज ७ चा पीसी आणि त्याच्यावरच ऑफिसचे मेल, असं खूप ठिकाणी आहे. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी थंडरबर्ड ११५ ही शेवटची मालिका. १२८ ला विंडोज १० लागतं. त्यामुळे तिथे वरचे सगळे उपाय करून काही होणार नाही, अपडेट अडकलेलं नाहीये, रस्ताच संपलाय. मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं हे मला मान्य आहे, तो पीसी मशीनपुरता ठेवा, नेटपासून तोडा आणि मेल दुसऱ्या पीसीवर हलवा. जुना पण बरा पीसी असेल तर लिनक्स टाकूनही थंडरबर्ड झकास चालतं, प्रोफाइल फोल्डर उचलून नेता येतो. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा नवीन काही घेणार असाल तर तेही डोक्यात ठेवा.

अपडेट झालं, पण त्यानंतर मेल येईनात, याचं काय? इथेच लोक परत 'नंतर'कडे वळतात, म्हणून थोडं सविस्तर.

२०२० मध्ये ७८ व्हर्जनपासून थंडरबर्डने टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत बंद ठेवली, कमीत कमी १.२ हवं. स्वस्त होस्टिंगचे काही जुने सर्व्हर अजून जुन्यावरच अडकलेत. जो माणूस कित्येक वर्षं अपडेट न करता बसला होता त्याने एकदम उडी मारली की नेमकं इथे आपटतो, कनेक्शनच होत नाही. सेटिंग्जच्या जनरलमध्ये सगळ्यात खाली कॉन्फिग एडिटर आहे, त्यात सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन नावाची सेटिंग शोधा, तिची किंमत ३ असते म्हणजे टीएलएस १.२. ती १ करून मेल यायला लागले तर रोग सर्व्हरचा आहे हे सिद्ध झालं. मग ती लगेच परत ३ करा आणि होस्टिंगवाल्याला फोन लावा. १ वर ठेवून आयुष्य काढू नका, कारण मग जुन्या एन्क्रिप्शनवर पासवर्ड पाठवत राहाल आणि अपडेट करून मिळवलं काय?

सर्टिफिकेटची चूक दाखवत असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव तुमच्या डोमेनचं लिहिलंय आणि सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाचं आहे, किंवा सर्टिफिकेटची मुदतच संपलीये. होस्टिंगवाल्याकडून बरोबर सर्व्हर नाव मागून घ्या. दुसरी म्हणजे ॲन्टीव्हायरस मेलच्या मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतोय. सर्टिफिकेट कोणी दिलंय ते 'व्ह्यू' करून वाचलं की कळतं. ॲन्टीव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग बंद करून बघा. 'कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन' दाबून मोकळं व्हायची सवय मात्र सोडा, ते दाबणं म्हणजे समोर कोण आहे ते न बघता दार उघडणं.

पासवर्ड चुकीचा म्हणत असेल आणि अकाउंट जीमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचं असेल तर अपडेटचा काही संबंध नाही. गूगलने साध्या पासवर्डने होणारं लॉगिन ३० मे २०२२ पासून वैयक्तिक अकाउंट्सना बंद करायला घेतलं, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमला १६ सप्टेंबर २०२४ ला. अकाउंट सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन मेथड 'ओऑथ२' करा (यात लॉगिन गूगल-मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या खिडकीतून होतं), येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरसाठी, कारण दुसरं विसरलं की मेल येतात पण जात नाहीत. लॉगिनची खिडकी येऊन कोरीच राहत असेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये कुकीज चालू आहेत का बघा.

ॲडऑन बंद पडणं हे मोठ्या व्हर्जनच्या उडीला होतंच. ॲडऑनवाल्याने नवीन व्हर्जनसाठी काम केलेलं नसेल तर थंडरबर्ड ते बंद करतं. ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे ॲडऑन बंद ठेवून, उघडून बघा, तिथे सगळं नीट चालत असेल तर ॲडऑनच कारण आहे. एका ॲडऑनसाठी अख्खं थंडरबर्ड जुनं ठेवणं मला तरी महाग वाटतं, पर्याय शोधा. आधी ज्यासाठी एनिगमेल हे ॲडऑन लागायचं ते मेल एन्क्रिप्ट करायचं ओपनपीजीपी आता ७८ पासून आतच आहे, अशी कितीतरी जुनी ॲडऑन्स लागतही नाहीत.

वेळेचं म्हणाल तर जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ११ तारखेच्या जीएसटीआर-१ ला किंवा २० तारखेच्या ३बी ला, सीए ऑफिसात अपडेट मारायला बसू नका. सिक्युरिटीचे छोटे तुकडे कधीही चालतात, ते पटकन घ्यावेत, पण १२८ वरून १४० सारखी मोठी उडी शनिवारी दुपारी, कॉपी काढून, आणि आधी एका पीसीवर. तिथे दोन दिवस नीट चाललं की बाकीच्यांवर.

अपडेट खरंच बसलं का ते सेटिंग्जमधल्या 'शो अपडेट हिस्टरी'त बघा, तिथे तारखेसकट यादी असते आणि प्रत्येकापुढे यशस्वी की फेल ते लिहिलेलं असतं. एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारणार असाल तर नुसतं "अपडेट होत नाही" म्हणू नका. व्हर्जन नंबर, विंडोज कुठलं, थंडरबर्ड साइटवरून टाकलं की स्टोअरमधून, पॉलिसीज ॲक्टिव्ह आहेत का, आणि मेसेजमधले शब्द जसेच्या तसे, एवढं सांगा. स्क्रीनशॉट पाठवत असाल तर मागची मेलची लिस्ट झाकून पाठवा, क्लायंटची नावं आणि रकमा सगळ्या दिसतात त्यात.